डग्गो खंय गेलो? गाणं ऐकण्यासाठी इअरफोन कसा पारखावा

आमच्या भजनातल्या बुवांनी दिवाळीत इअरफोन घेतला. वायरवाला, दोन-सव्वादोन हजारांचा, खोक्यावर 'डीप बेस' असं मोठ्या अक्षरात छापलेलं. दुसऱ्याच दिवशी कुडाळच्या स्टँडवर भेटले तेव्हा चेहरा पडलेला. फोनवर एक जुना ख्याल लावलेला होता. म्हणाले, "पेटी आसा, गळो आसा, पण डग्गो खंय गेलो?"

मी माझ्या कानात घालून पाहिला. डग्गा जागच्या जागी होता, मनगट सरकवून काढलेला घिस्सासुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. म्हणजे इअरफोन बरा होता, तो बुवांच्या कानात नीट बसत नव्हता. खोक्यात इअरफोनच्या तोंडावर चढवायची आणखी दोन मापांची रबरं तशीच पिशवीत पडलेली. उजव्या कानाला मोठं रबर लावलं, डाव्याला होतं तेच ठेवलं. बुवांनी पुन्हा गाणं लावलं, दोन आवर्तनं ऐकली आणि स्टँडवरच ओरडले, "हां, इलो!"

मी तबला वाजवतो, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक इअरफोन घेण्याआधी मला विचारतात. प्रश्न एकच असतो: कुठल्या कंपनीचा घेऊ? मॉडेलची नावं वर्षभरात जुनी होतात, म्हणून नावं सांगत नाही. पारखायचा कसा ते सांगतो.

कुठे ऐकणार ते आधी ठरवा

रात्री घरात पडून ऐकणार, गाडीत ऐकणार, की संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

घरात बसून गाणं ऐकण्यासाठी वायरवाला घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच पैशात आवाज सरस मिळतो, कारण बॅटरी, ब्लूटूथची चिप, माइक, चार्जिंगची डबी यांवर खर्च होत नाही. शिवाय वायरलेस इअरबडची इवलीशी बॅटरी रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत थकते आणि ती सहसा बदलून मिळत नाही. वायरवाला जपला तर किती टिकेल याला मर्यादा नाही. वायर काढता येते असा घेतला तर उत्तमच, कारण इअरफोन मरतो तो बहुतेक वेळा वायरमुळे, पिनेपाशी तुटून.

फोनला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागेल. तो घेताना त्यात डॅक, म्हणजे डिजिटलचा आवाज करणारी चिप आहे ना, हे विचारून घ्या. अगदी स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ती नसते आणि ते मोजक्याच फोनवर चालतात. दुकानदार "सगळ्याला चालतो" म्हणाला तरी आपल्या फोनला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चालताना, स्वयंपाकघरात, बागेत काम करताना वायर अडकते, तिथे वायरलेस सोयीचा. त्यातल्या कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींच्या, नावांनी फार घाबरू नये. एसबीसी सगळ्यांत असतो, आयफोन एएसी वापरतो, आणि सोनीने काढलेला एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेऊ शकतो, पण फोन आणि इअरबड दोघांतही तो हवा आणि सेटिंगमध्ये चालूही हवा. रबर नीट बसलं नसेल तर यातलं काहीच कामाला येत नाही. एक अडचण मात्र खरी: वायरलेसमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. लेहरा, म्हणजे तालाच्या साथीची फिरती धून, लावून रियाज करायला हरकत नाही. फोनवरच्या पेटीच्या ॲपवर बोटं टाकणाऱ्याला मात्र वेड लागायची पाळी येते, कारण बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो.

गाडीसाठी माझी कसोटी करबुडे बोगद्याची. रत्नागिरीजवळचा हा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. स्लीपरच्या उघड्या खिडकीशी बसलं की गाडी आत शिरताच सगळा डबा गरजू लागतो. बोगद्याबाहेर आवाज कितीवर होता आणि आत किती वाढवावा लागला, ते मोजायचं. आवाजाचं एखाद-दुसरं घर वाढवून भागलं तर इअरफोन बाहेरचा आवाज छान अडवतो. सहा घरं चढवावी लागली तर तो घरीच ठेवावा. गोंगाट घालवणारी एएनसी ही सोय चाकांच्या सलग घरघरीवर, पंख्यावर चांगली चालते. चहावाल्याची हाळी, बाळाचं रडणं, पत्र्यावरच्या पावसाची तडतड यांवर तिचा जोर कमी. तिथे कानाचं तोंड बंद करणारं रबरच कामाला येतं.

रबर: आवाजाचं अर्धं काम

कानात घालायच्या इअरफोनचा खर्ज कानाच्या बंद नळीवर अवलंबून असतो. रबर आणि कातडी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खालचे सूर निसटतात, वरचे तसेच राहतात. मग आवाज पातळ आणि चिरका लागतो आणि आपण बोल लावतो ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या भागाला. बुवांचं हेच झालं होतं.

घालायचीही पद्धत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची वरची कड वर आणि जराशी मागे ओढा. नळी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि कड सोडा. नुसता अंगठ्याने दाबून बसवला तर हवा कोंडते, आणि काही इअरफोनमध्ये आतला पडदा दबून कागद चुरगळल्यासारखा 'कर्र' आवाज येतो.

आता तपासणी. तंबोरा किंवा डग्गा ठळक असलेलं काहीतरी लावा आणि इअरफोन बोटाने अगदी हलका आत दाबा. दाबल्याबरोबर खर्ज एकदम वाढला तर फट आहे, रबर बदला. काही फरक पडला नाही तर बसलाय. मग तोंड उघडा, जांभई द्या, मान वळवा. गाताना जबडा हलतो तसा हलवून पाहा. एवढ्यात निसटला तर उपयोग नाही. दोन कान एका मापाचे असतातच असं नाही, त्यामुळे एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठं रबर लावण्यात काही गैर नाही. मी स्वतः अनेक वर्षं तसंच करतो.

फोमची मऊ बोंडंही मिळतात. दाबून, बारीक करून कानात घालायची, आत ती फुगून नळी भरतात. गाडीत ती अप्रतिम. ज्यांचे स-श टोचतात अशा इअरफोनला ती थोडं मवाळ करतात. पण आपल्या हवेत ती घाम पितात, चिकट होतात, काही महिन्यांत फुगायचं विसरतात. मे महिन्यात मालवणला फोम वापरून बघा, मग मला सांगा.

वायर कानावरून मागे घेऊन घालायची सोय असेल तर तशीच घाला. सरळ लोंबणारी वायर सदऱ्याला घासली की तिचा खरखराट थेट कानात येतो.

पारखायचं कशावर

दुकानात किंवा मित्राचा इअरफोन लावल्यावर लोक हमखास नवं, ढणढणतं गाणं लावतात. त्यातून काही कळत नाही, कारण मुळात ते कसं वाजायला हवं हे आपल्याला ठाऊक नसतं. पाठ असलेली, शंभरदा ऐकलेली चार-पाच ध्वनिमुद्रणं फोनमध्ये उतरवून ठेवा आणि प्रत्येक इअरफोन त्यांच्यावरच घासून बघा. माझी यादी वाद्यांप्रमाणे आहे.

पहिला तंबोरा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. खर्ज वाजल्यावर तो पोटात जाणवायला हवा आणि लगेच त्याच्यावर जवारीचे, म्हणजे तारेच्या झंकाराचे, बारीक सूर एकेक उलगडत जायला हवेत. खर्ज फुगवलेल्या इअरफोनमध्ये तंबोरा नुसता घुमतो, जवारी बुडते. खालचा भाग कमी असलेल्यात तंबोऱ्याचा डास होतो. दोन्ही एका वेळी ऐकू आले तर अर्धी परीक्षा पास.

दुसरा डग्गा. घुमारा किती आहे ते बघू नका, घिस्सा बघा. मनगट सरकतं तसा सूर खालून वर चढतो, तो सलग ऐकू येतोय का? की नुसतं एक 'धुम्' आणि पुढे सगळा चिखल? द्रुत लयीत धा आणि घे वेगळे राहतात का? पखवाज ऐकणाऱ्यांनी डावी बाजू ऐकावी. तिथे कणीक थापलेली असते, त्यामुळे आवाज जड असतो, पण बोदा नसतो. जड आणि बोदा यांतला फरक ज्या इअरफोनला कळत नाही, तो भजनवाल्यांच्या कामाचा नाही.

तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेच्या पट्टीवरचा, 'ना' टणक आणि छोटा हवा. तो काच फुटल्यासारखा वाटला तर वरचे सूर जास्त आहेत. कापडातून आल्यासारखा वाटला तर कमी.

मग झांज. दशावताराचं किंवा डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, चांगलं ध्वनिमुद्रण असेल तर झांजेची आस ऐका. आघातानंतर आवाज हळूहळू विरत जातो, त्याला कण असतात. हलक्या इअरफोनमध्ये तिथे वाळू सांडल्यासारखा एकच 'छस्स' येतो आणि दहा मिनिटांत डोकं उठतं.

शेवटी गळा, आणि इथे मराठी ऐकणाऱ्याला एक आयती कसोटी मिळालेली आहे. 'चांदणं'मधला च आणि 'चंद्र'मधला च वेगळे आहेत. पहिला दातांशी, दुसरा टाळूशी. बऱ्या इअरफोनवर हा फरक प्रयत्नाशिवाय कळतो. वरचे सूर दाबलेले असतील तर दोन्ही च एकमेकांच्या जवळ येतात. टोकदार असतील तर पहिल्या चची शीळ होते आणि प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतो. त्यासाठी गाणंच हवं असं नाही, स्पष्ट उच्चारांचं एखादं भाषण किंवा निवेदन पुरतं.

तबकडीच्या जमान्यातल्या गाण्यांवर मात्र इअरफोनचे वरचे सूर पारखू नका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मुळात वरचा पल्ला कमी आणि खरखर भरपूर. शिवाय ती मोनो, त्यामुळे आवाज डोक्याच्या मधोमध बसणार. तिथे 'साउंडस्टेज', म्हणजे कुठलं वाद्य कुठे बसलंय याचा आभास, शोधणं म्हणजे विहिरीत लाटा शोधणं. त्यांचा एक उपयोग आहे: मोनो गाणं लावल्यावर गळा बरोबर मध्यभागी यायला हवा. तो एका बाजूला कलला तर इअरफोन उलटसुलट कानांत घाला. आवाज बाजू बदलून दुसरीकडे कलला तर दोष इअरफोनमध्ये. त्याच कानात राहिला तर रबराच्या बसण्यात, कानातल्या मळात किंवा कानातच.

खोक्यावरचे आकडे

ड्रायव्हर किती, हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो. डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे लहानसा स्पीकरच, पडदा आणि वेटोळं. बॅलन्स्ड आर्मेचर हा प्रकार श्रवणयंत्रांतून आला. तो इवलासा असतो, गळा आणि तंतुवाद्यं बारकाईने दाखवतो. एटिमॉटिकने १९९१ मध्ये काढलेल्या ईआर-४ मध्ये एका कानाला एकच आर्मेचर होता आणि तपशिलासाठी तो आजही नावाजला जातो. एका कानात आठ ड्रायव्हर कोंबले आणि त्यांचं एकमेकांशी जमलं नाही तर ती आठ भजनी मंडळं एका देवळात. दोन-तीन हजारांपर्यंत नीट जुळवलेला एकच डायनॅमिक ड्रायव्हर मी डोळे झाकून घेईन.

'२० हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ' या ओळीवर थांबू नका. धडधाकट तरुण कानाची धाव २० किलोहर्ट्झपर्यंत आणि वय वाढेल तशी ती खाली येते. सोनेरी 'हाय-रेस' चिकटपट्टीचा अर्थ इअरफोन ४० किलोहर्ट्झपर्यंत वाजतो एवढाच. कसा वाजतो ते ती सांगत नाही.

ओहम (विजेला होणारा विरोध) आणि संवेदनशीलता (थोड्या ताकदीत किती मोठा वाजतो) मात्र बघा. १६ ते ३२ ओहम आणि शंभर डेसिबलच्या वर असेल तर साधा फोन तो आरामात वाजवतो. प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याच्या, जातीचे काही इअरफोन ताकद मागतात, त्यांच्यासाठी चांगला कन्व्हर्टर लागतो. उलट अतिसंवेदनशील इअरफोनमध्ये गाणं थांबलं की मागचा 'स्स्स' ऐकू येतो. घेण्याआधी गाणं बंद करून शांततेतही ऐकायचं ते यासाठीच.

आलेख वाचताना

परीक्षणांत कुठला सूर किती मोठा वाजतो ते दाखवणाऱ्या, वरखाली जाणाऱ्या रेघांचे आलेख असतात. त्यांत तीन हजार हर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसला की नवखे घाबरतात. तो हवाच. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि एका टोकाला पडद्याने बंद. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा स्वतःचा सूर निघतो, तशी ही नळी तीन हजारांच्या आसपासचे सूर आपोआप उचलून देते आणि आपल्या मेंदूला त्याची जन्मापासून सवय आहे. इअरफोनने नळीचं तोंड बंद केलं की ही उचल जाते. ती इअरफोनने परत द्यायची असते. दिली नाही तर गळा शेजारच्या खोलीतून आल्यासारखा लागतो. जास्त दिली तर गायिका अंगावर ओरडल्यासारखी.

हर्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह यांच्या चमूने श्रोत्यांना ऐकवून, त्यांची पसंती विचारून इअरफोनसाठी एक लक्ष्यरेषा काढली. बरेच जण तिच्याशी तुलना करतात. मला तिच्यातला खर्ज तबल्यासाठी थोडा जास्त वाटतो, पण ती आवड झाली. दोन वेगळ्या परीक्षकांचे आलेख शेजारी ठेवू नका, यंत्रं वेगळी असतात. आणि आठ हजारांच्या पुढच्या शिखरांवर फार विसंबू नका, तिथे यंत्राच्या नळीचा स्वतःचा सूर मिसळतो आणि तुमचा कान त्या यंत्रासारखा नाही.

दोघांची गाठ घालताना

दोन इअरफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो, आणि फरक इतका थोडा पुरतो की आपल्याला तो मोठेपणा म्हणून कळतही नाही, 'दर्जा' म्हणून कळतो. हळू आवाजात खर्ज कानाला आणखी कमी लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणून नेहमी जेवढ्या आवाजात ऐकता तेवढ्यातच पारखा.

पहिल्या दिवशी मत बनवू नका. माझ्याकडे एक शाळकरी वही आहे. पहिल्या रात्री काय वाटलं, चौथ्या दिवशी काय, दहाव्या दिवशी काय, दोन-दोन ओळी. "काय तपशील! काय झगझगाट!" असं पहिल्या रात्री लिहिलेल्या इअरफोनपुढे दहाव्या दिवशी "कान दुखतात, काढून ठेवला" असं एकदा नव्हे, तीनदा लिहिलेलं आहे. कानाला सवय होते हे खरं, पण टोचणाऱ्या 'स'ची सवय मला तरी झालेली नाही. शेवटी जुन्या इअरफोनवर एक दिवस परत जा. काय चुकल्यासारखं वाटतं, ते खरं परीक्षण.

खारं वारं, दमट हवा आणि खोबरेल तेल

शहरातल्या परीक्षणांत हा भाग नसतो. आपल्याकडे इअरफोन जुना होण्याआधी गंजतो. पारदर्शक वायर आतून हिरवी पडते, तांब्याचा तो रंग. वाजायला लगेच बिघडत नाही, पण पिनेवर तोच थर चढला की एक कान येतो-जातो व्हायला लागतो. वायरलेसच्या डबीतल्या बारीक पिना तर पावसाळ्यात हमखास काळवंडतात, मग उजवा चार्ज होतो आणि डावा नाही. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा. निम्म्या वेळा मेलेला इअरबड जिवंत होतो.

आयपीएक्स ४ किंवा ७ हे पाणी सोसण्याचं मानांकन बघून समुद्रात जाऊ नका. ती चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी झालेली नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवरची रेती जाळीत शिरली की ती काढणारा अजून जन्माला यायचाय. घामाने किंवा खाऱ्या तुषारांनी भिजला तर ओलसर फडक्याने पुसून, मग कोरडा करून डबीत ठेवा. ओला डबीत घातला की पिना गेल्याच.

ठेवायला झाकण घट्ट बसणारा छोटा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. रंगीत दाणे असतील तर निळ्याचे गुलाबी झाले की ओल पिऊन भरले समजा, बदला. ते स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका. तांदळाच्या डब्यात इअरफोन पुरू नका, पिठासारखी धूळ जाळीत बसते.

कानात तेल घालायची आपल्याकडे जुनी सवय. माझ्या आईने माझा एक चांगला इअरफोन लावला तेव्हा सकाळीच कानांत खोबरेल पडलेलं होतं. संध्याकाळी डावा भाग कुजबुजायला लागला. तेल जाळीच्या बारीक भोकांत भरून बसलं होतं. जाळी खाली धरून मऊ ब्रशने झाडली, टिश्यूवर उपडा ठेवला, दोन दिवसांनी थोडा सुधारला, पूर्ण नाही. तेलाच्या दिवशी इअरफोन नको, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. रबरं मात्र दर आठवड्याला काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. दमट हवेत कानात बुरशी होते, आणि ओलं रबर तासन्‌तास नळी बंद करून बसलं की तिला आयतं घर मिळतं. खाज किंवा पाणी येऊ लागलं तर इअरफोन बाजूला आणि डॉक्टर.

आवाजाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आहे: मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलला तेवढेच. फोनमधली आवाजाची नोंद चालू ठेवली की हिशेब आपोआप राहतो. आणि घाटात गाडी चालवताना, रुळांलगत किंवा हायवेच्या कडेने चालताना दोन्ही कान बंद, हे नकोच.

खरेदी आणि परतीची मुदत

आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत कानात घालून बघू देत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. म्हणजे ऑनलाइन मागवणं आलं. मागवण्याआधी परत घेतात की फक्त बदलून देतात, हे वाचा. पुष्कळ ठिकाणी इअरफोनवर 'आवडला नाही' हे कारण चालत नाही, बिघाडच लागतो. मी एकदा गावच्या पत्त्यावर मागवला. पार्सल यायला नऊ दिवस लागले आणि परत न्यायला कोणी येईना, 'या पिनकोडवर सोय नाही'. सात दिवसांची मुदत तिथेच संपली. तेव्हापासून पत्ता कुडाळच्या मित्राच्या दुकानाचा देतो आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढतो.

आल्या आल्या त्याच दिवशी: मोनो गाणं लावून मधोमध येतो का बघा. वायर पिनेपाशी आणि कानापाशी हळूच वाकवून आवाज तुटतो का बघा. गाणं थांबवून शांतता ऐका. सगळी रबरं लावून बघा, आणि उरलेली फेकू नका. बुवांची तिसरी जोडी भजनाच्या पेटीच्या खणात गेली होती. शिमग्यात आमच्या झांजवाल्याचं एक रबर पुळणीवर पडलं, तेव्हा तिथूनच निघाली.